चॅपेल हिल: चंद्रावर जाणारे जिथे आकाश शिकायला यायचे

अमेरिकेत अंतराळाशी नातं असलेलं ठिकाण पाहायचं म्हटलं की दोनच नावं पुढे येतात. रॉकेट सुटतात ते फ्लोरिडा आणि जिथून त्यांच्याशी बोललं जातं ते ह्यूस्टन. आपल्याकडून जाणारी कुटुंबंही तिथेच जातात, रॉकेटसमोर फोटो काढतात, मुलांना नासाचा टी-शर्ट घेतात. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या चॅपेल हिलचं नाव या यादीत कुणी घेत नाही. पण चंद्रावर चाललेल्या १२ माणसांपैकी ११ जण या छोट्या विद्यापीठी गावात येऊन, अंधाऱ्या घुमटाखाली मान वर करून, तारे पाठ करून गेले आहेत.

गाव म्हणजे मुख्यतः एक रस्ता. फ्रँकलिन स्ट्रीट. एका बाजूला पिझ्झा, कॉफी आणि फिकट निळ्या टी-शर्टांची दुकानं, दुसऱ्या बाजूला विद्यापीठाचा जुना, झाडीने भरलेला आवार. हे विद्यापीठ १७९५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी उघडलं. गावाला तो फिकट निळा रंग इतका प्रिय आहे की भिंती, छत्र्या, कुत्र्यांचे पट्टेसुद्धा त्याच रंगात दिसतात. मायकेल जॉर्डन इथेच शिकला, त्यामुळे बास्केटबॉल हा इथला गावदेव. या सगळ्यात रस्त्याला लागून लाल विटांची, पांढऱ्या खांबांची एक भारदस्त इमारत उभी आहे. समोर गुलाबांची बाग आणि भलंमोठं सूर्यघड्याळ. इमारत बघून वाटतं, एखादं कोर्ट असावं. आत आहे मोअरहेड तारांगण.

माझी मावसबहीण इथून अर्ध्या तासावरच्या कॅरी गावात राहते. रॅले, डरहॅम आणि चॅपेल हिल या त्रिकोणात आयटी आणि औषध कंपन्या खूप, त्यामुळे भारतीय घरंही खूप. किराणा दुकानात भाकरीचं पीठ, कांदा-लसूण मसाला सगळं मिळतं. मी गेले तेव्हा मावशीही सहा महिन्यांसाठी आलेली होती आणि भाचा दुसरीत होता. शाळेने त्याला एक काम दिलं होतं: नॉर्थ कॅरोलायनाशी संबंधित एका माणसाचं चरित्र, आठ पानांचं, चित्रांसकट. वर्गातल्या निम्म्या मुलांनी राइट बंधू घेतले, कारण पहिलं विमान याच राज्यात किटी हॉकच्या वाळूवर उडालं. उरलेल्यांनी अर्थातच मायकेल जॉर्डन. भाच्याला या दोन्हींमधलं कुणी नको होतं. म्हणून आम्ही सगळे तारांगण बघायला गेलो आणि त्याला टोनी जेन्झानो सापडले.

त्यांच्याकडे वळण्याआधी तारांगणाबद्दल थोडं सांगते, कारण ते तिथे असणं हेच जरा विचित्र आहे. चाळीसच्या दशकात अमेरिकेत तारांगणं होती फक्त पाच: शिकागो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि पिट्सबर्ग. सगळी मोठी, श्रीमंत शहरं. सहावं झालं या खेड्यावजा गावात. त्याचं कारण जॉन मोटली मोअरहेड. हे याच विद्यापीठाचे १८९१ सालचे पदवीधर, रसायनशास्त्रज्ञ आणि पुढे गडगंज उद्योगपती. त्यांना आपल्या विद्यापीठाला काहीतरी मोठं द्यायचं होतं. हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅपली यांच्या सल्ल्याने त्यांनी तारांगण द्यायचं ठरवलं. अडचण एकच होती. आकाश दाखवणारं यंत्र बनवायची जर्मनीतली झाइस कंपनी, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत नवं यंत्र मिळणं कठीण. मोअरहेड पूर्वी स्वीडनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. त्या ओळखी कामी आल्या आणि स्वीडनमधलं एक वापरलेलं झाइस यंत्र त्यांनी मिळवलं. १० मे १९४९ रोजी तारांगण उघडलं. अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या आवारातलं ते पहिलं.

ते यंत्र कसं दिसायचं? व्यायामशाळेतलं डंबेल डोळ्यांसमोर आणा, पण माणसाहून कितीतरी मोठं, लोखंडी पायांवर उभं. दोन टोकांना दोन गोळे: एक उत्तर आकाशाचा, एक दक्षिण आकाशाचा. प्रत्येक गोळ्यात सोळा भिंगं आणि मधे दिवा. बारीक भोकं पाडलेल्या पत्र्यातून प्रकाश बाहेर पडला की घुमटावर सुमारे ८,९०० तारे उमटायचे. मधल्या दांड्यात सूर्य, चंद्र आणि ग्रहांचे प्रोजेक्टर. मोटर फिरवली की रात्र पुढे सरकते, दुसरी फिरवली की वर्षं सरकतात. मुंबईच्या नेहरू तारांगणात किंवा कोलकात्याच्या बिर्ला तारांगणात लहानपणी गेला असाल, तर मधोमध उभा असलेला तो काळा मुंगळा तुम्हालाही आठवत असेल. पुण्यात टिळक रोडवरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तर १९५४ पासून तारांगण आहे. म्हणजे चॅपेल हिलनंतर अवघ्या पाच वर्षांनी, तेही एका शाळेत. पुणेकरांनी याबद्दल जरा मिरवायला हरकत नाही, एरवी मिरवतातच.

तर टोनी जेन्झानो. मूळचे फिलाडेल्फियाचे. नौदलात काम केलेले, मग तिथल्या फेल्स तारांगणात यंत्र सांभाळणारे. चॅपेल हिलला ते यंत्र उभारायला आणि चालू ठेवायला आले. खगोलशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पेच कुठे ढिला झालाय, कुठलं भिंग धूसर झालंय, कुठला दिवा आज जाणार, हे कळणारा माणूस. पण दोन वर्षांत, १९५१ मध्ये, ते तारांगणाचे संचालक झाले आणि तीस वर्षं, १९८१ पर्यंत, राहिले. मला या कहाणीत सगळ्यात जास्त आवडते ती ही गोष्ट. मशीन दुरुस्त करायला आलेला माणूस पुढे अख्खी संस्था चालवतो.

१९५९ मध्ये नासाने पहिले सात अंतराळवीर निवडले. ते सगळे लष्करी वैमानिक होते. त्यांचा गट तेव्हा शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात, लँग्लीला होता. जेन्झानो यांच्या डोक्यात एक साधा प्रश्न आला. हे लोक पृथ्वीभोवती फिरणार. यंत्रं बंद पडली तर यान कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे त्यांना कशावरून कळणार? वर रस्ता नाही, पाटी नाही, खाली-वर नाही. ताऱ्यांवरूनच कळणार. आणि ताऱ्यांचं आकाश तर आपल्याकडे आहे, स्विच दाबला की सुरू होणारं. त्यांनी स्वतः नासाला सुचवलं. १९६० मध्ये अंतराळवीर यायला लागले आणि १९७५ पर्यंत येत राहिले. मर्क्युरी, जेमिनी, अपोलो, स्कायलॅब आणि शेवटी रशियन यानाशी जोडणी झाली ती अपोलो-सोयुझ मोहीम. एकूण ६२ जण. नील आर्मस्ट्राँग यांनी इथे शंभराहून जास्त तास काढले.

इथे तुम्हाला वाटेल की तारे ओळखायला असं काय लागतं? गच्चीवर चटई टाका, कुणीतरी बोट दाखवेल. पण गच्चीवरून दिसतं ते सगळं आकाश. सप्तर्षी दिसले की त्यांच्या मदतीने ध्रुव सापडतो, मृगाच्या पट्ट्याच्या रेषेत गेलं की व्याध सापडतो. छोट्या यानात खिडकी असते वहीच्या पानाएवढी. तिच्यातून आकाशाचा एक तुकडा दिसतो आणि त्या तुकड्यात सप्तर्षी असतीलच असं नाही. शिवाय यान उलटं असू शकतं. पृथ्वीभोवती फेरी साधारण दीड तासाची, म्हणजे गच्चीवर रात्रभरात सरकतं तेवढं आकाश तिथे पाऊण तासात सरकून जातं. आणि वातावरण नसल्यामुळे बारीक तारेही इतके दिसतात की ओळखीचे तारे गर्दीत हरवतात. जत्रेत आपलं मूल शोधण्यासारखं.

म्हणून जेन्झानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यान उभं केलं. नासाकडून नव्हे, प्लायवूड आणि पुठ्ठ्यातून. यानाच्या खिडकीच्या मापाचं भोक कापलेला डबा, आत बसायला जागा. यान वळतं, कलतं, मागे झुकतं, ते दाखवायला काय वापरलं? न्हाव्याची खुर्ची. सलूनमधली, खालीवर होणारी, गोल फिरणारी, मागे रेलणारी. तिच्यात अंतराळवीर बसायचे, कुणीतरी ती फिरवायचं, आणि घुमटावरचं आकाश भोकातून दिसेल तेवढंच बघून सांगायचं: हा कुठला तारा? आपण कुठे तोंड करून आहोत?

भाच्याच्या आठ पानांतलं हे सगळ्यात चांगलं पान झालं. त्याने खुर्ची लाल रंगवली, तिच्यात हेल्मेट घातलेला माणूस बसवला, आणि मागे कात्री घेतलेला न्हावीही काढला. न्हावी तिथे नव्हता, असं आईने सांगून पाहिलं. त्याने ऐकलं नाही. मला वाटतं त्याचंच बरोबर होतं, खुर्ची रिकामी कशी ठेवणार?

आणखी एक पान बिस्किटांचं. अंतराळवीर म्हणजे त्या काळातले सिनेमा नट. ते आलेत हे कळलं तर विद्यार्थी आणि पत्रकार इमारतीला वेढा घालणार. म्हणून ते येणार असले की तारांगणातले कर्मचारी एकमेकांना परवलीचा शब्द सांगत: कुकी टाइम. बिस्किटांची वेळ झाली, म्हणजे पाहुणे आले. बाहेर फ्रँकलिन स्ट्रीटवर मुलं आइस्क्रीम खात फिरत असायची आणि आत चंद्रावर जाणारी माणसं अंधारात बसून धडे गिरवत असायची.

या धड्यांचा उपयोग झाला का? झाला, आणि लवकरच झाला. मे १९६३. गॉर्डन कूपर एकटेच फेथ ७ यानात पृथ्वीभोवती २२ फेऱ्या मारत होते, चौतीस तासांची मोहीम. शेवटच्या फेऱ्यांमध्ये यानातली वीजव्यवस्था एकेक करत कोलमडली. दिशा आपोआप सांभाळणारी यंत्रणा बंद. आत कार्बन डायऑक्साइड वाढतोय, उकाडा वाढतोय. परतताना यान नेमक्या कोनात धरून रॉकेट पेटवावं लागतं. कोन चुकला तर यान एकतर भलतीकडे उतरतं किंवा वातावरणात जळून जातं. कूपर यांनी खिडकीवर ओढलेल्या रेघा, बाहेरचे ओळखीचे तारे आणि पृथ्वीचं क्षितिज, आणि मनगटावरचं घड्याळ, एवढ्या सामग्रीवर यान हाताने धरून ठेवलं. जपानजवळच्या जहाजावरून जॉन ग्लेन त्यांना उलटे आकडे मोजून देत होते. यान प्रशांत महासागरात उतरलं ते वाट बघत थांबलेल्या जहाजापासून फक्त सातेक किलोमीटरवर. यंत्राने उतरवलेली आधीची यानंही इतकी जवळ उतरली नव्हती.

अपोलोच्या वेळी संगणक आला, तरी तारे सुटले नाहीत. उलट संगणकालाच त्यांची गरज होती. यानात भोवऱ्यांसारखी गरगरणारी उपकरणं असत. भोवरा फिरत असला की आपला आस सोडत नाही, त्यावरून यानाची दिशा मोजत. पण हळूहळू ती उपकरणं थोडी थोडी चुकत जातात, जसं जुनं भिंतीवरचं घड्याळ रोज अर्धा मिनिट मागे पडतं. मग घड्याळ जुळवावं तसं त्यांना जुळवावं लागतं. त्यासाठी अंतराळवीर यानातल्या दुर्बिणीतून एक तारा शोधायचा, तो बरोबर मधोमध आला की बटण दाबायचा, मग दुसरा तारा, पुन्हा बटण. दोन तारे मिळाले की संगणक दिशा पक्की करायचा. दर्यावर्दी लोक शेकडो वर्षं जहाजाच्या डेकवर सेक्स्टंट डोळ्याला लावून करत आले तेच काम. अपोलोमधल्या उपकरणाचं नावही सेक्स्टंटच होतं.

अपोलो ८ मध्ये जिम लॉव्हेल यांच्याकडून चंद्रावरून परतताना चुकीचा आकडा दाबला गेला आणि संगणकाला वाटलं आपण अजून फ्लोरिडात उड्डाणाच्या चौथऱ्यावर उभे आहोत. त्यांनी खिडकीबाहेर ओळखीचे तारे शोधले, राजन्य आणि व्याध, आणि त्यांच्यावरून संगणकाला पुन्हा जागेवर आणलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अपोलो १२ पावसात उडालं. उड्डाणानंतर ३६ सेकंदांनी वीज पडली आणि ५२ व्या सेकंदाला पुन्हा पडली. दिशा धरणारं उपकरण पार भरकटलं. पृथ्वीच्या कक्षेत पोचल्यावर, अंधाऱ्या बाजूला आल्यावर, तिघांनी तारे शोधून ते पुन्हा जुळवलं आणि मगच चंद्राकडे निघायची परवानगी मिळाली. अपोलो १३ मध्ये मात्र स्फोटानंतर यानाभोवती इतका चकाकणारा कचरा तरंगत होता की खरा तारा कुठला हेच कळेना. तेव्हा त्यांनी सूर्यावरून पडताळणी केली. सूर्यही ताराच, नाही का.

अपोलोच्या संगणकात ३७ तारे होते आणि प्रत्येकाला क्रमांक होता. ही यादी इंटरनेटवर सहज मिळते आणि भाच्याने ती छापून फ्रिजवर लावली होती. यादीत ८ आणि ९ हे आकडे कुठेच नाहीत, कारण तो संगणक आठाच्या पटीत मोजायचा. ७ नंतर थेट १०. यावर भाच्याने दोन दिवस घरात सगळं तसंच मोजलं आणि आपल्याला दहा बिस्किटं दिली असं सांगून आठच कशी दिली यावर आईशी वाद घातला.

त्या फ्रिजसमोर एक दिवस मावशी उभी राहिली. तिचं बालपण खटाव तालुक्यात गेलं, पावसाची वाट बघण्यात. तिला इंग्रजी नावं वाचता येत होती पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. मी एकेक सांगायला लागले. ११ म्हणजे रोहिणी. १२ राजन्य, १३ ब्रह्महृदय, १४ अगस्त्य, १५ व्याध. २२ मघा. २३ उत्तरा. २४ हस्तातला तारा. २६ चित्रा, ३१ स्वाती, ३३ ज्येष्ठा, ३६ अभिजित, ४० श्रवण.

"मघा, उत्तरा, हत्ती, चित्रा, स्वाती," ती म्हणाली, "ही तर आमच्या पावसाची नावं."

तिला ही नावं आकाशातली म्हणून माहीतच नव्हती. म्हणजे पंचांगात नक्षत्रं असतात हे माहीत होतं, पण तिच्यासाठी मघा म्हणजे श्रावण-भाद्रपदातली सर, हस्त म्हणजे परतीचा गडगडाट, त्याला हत्ती म्हणायचं. कॅलेंडरवर नक्षत्र लागलं की खाली त्याचं वाहन लिहिलेलं: बेडूक, म्हैस, गाढव. त्यावरून पाऊस किती पडणार याच्या घरात चर्चा. सूर्य त्या नक्षत्रात असतो तेव्हा ते नक्षत्र दिवसा उगवून दिवसा मावळतं, त्यामुळे मघाच्या पावसात मघा दिसत नाही, ती दिसते उन्हाळ्याच्या तोंडावर, रात्री. हे मी सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी शहरातली पोरगी आता हिला पाऊस शिकवणार. मग तिने विचारलं, "आणि आर्द्रा?" मृगाच्या खांद्यावरचा तो तांबूस तारा, काक्षी, बहुतेक लोक त्यालाच आर्द्रा मानतात. तो यादीत नाही. एवढा ठळक तारा असून नाही. मावशीला ते अजिबात पटलं नाही. आर्द्रा सोडून पेरणी होते का?

भाचा मराठी समजतो, बोलत नाही. आजी इंग्रजी समजते, बोलायला लाजते. त्या घरात जेवणाच्या टेबलावर संवाद चालतो तो साधारण "अजून हवं?" आणि "नो, थँक यू" एवढाच. माझ्या बहिणीला हे टोचतं, ती बोलून दाखवत नाही. आईचे सहा महिने असेच ताटं वाढण्यात जाणार, ही तिची भीती होती. फ्रिजवरची यादी कामाला आली ती अशी की आजी आकडा विचारायची आणि तो तारा सांगायचा, तो इंग्रजी नाव सांगायचा आणि ती मराठी. ट्वेंटी-टू? मघा. थर्टी-वन? स्वाती. चुकलं की दुसऱ्याला पॉइंट. दोघंही खोटे पॉइंट घ्यायचे. मला आठवडाभरात कंटाळा आला, त्यांना आला नाही.

त्याच्या पुस्तकाचं एक पान मात्र अडून बसलं. यादीतल्या तीन नावांना मराठीतच काय, जुन्या कुठल्याच भाषेत अर्थ सापडत नव्हता. ३ नंबर नवी, १७ नंबर रेगोर, २० नंबर डनोसेस. ही नावं अरबी नाहीत, ग्रीक नाहीत. ही एका माणसाची थट्टा आहे. अपोलोच्या पहिल्या मोहिमेचे कप्तान गस ग्रिसम यांनी प्रशिक्षणाच्या ताऱ्यांच्या नकाशात ती हळूच घुसवली. ग्रिसम यांचं मधलं नाव आयव्हान, ते इंग्रजीत उलटं लिहिलं की नवी. जोडीदार रॉजर चॅफी यांचं पहिलं नाव उलटं: रेगोर. तिसरे एड व्हाइट, त्यांच्या नावापुढे 'दुसरे' असं लागायचं, वडिलांचंही तेच नाव म्हणून. इंग्रजीतला 'सेकंड' उलटा: डनोसेस. तिघं मित्र, तिघं तारे.

२७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवर, उड्डाणाच्या सरावात, यानात आग लागली. दार आतून पटकन उघडण्यासारखं नव्हतं. तिघंही गेले. नंतरच्या सगळ्या अपोलो यानांच्या याद्यांमध्ये ती उलटी नावं तशीच ठेवली गेली. चंद्रावर जाणारे लोक दुर्बिणीतून बघून म्हणत, नवी सापडला.

हे पान दुसरीतल्या मुलाच्या पुस्तकात घ्यायचं का, यावर घरात बरीच चर्चा झाली. बहिणीचं म्हणणं होतं, शाळेत आगीचं नको. मावशी म्हणाली, मुलांना मरण कळतं, आपल्यालाच सांगता येत नाही. भाच्याचा प्रश्न वेगळाच होता. त्याला कळत नव्हतं की जेन्झानो स्वतः कधीच वर का गेले नाहीत. सगळं आकाश त्यांना पाठ होतं, मग नासाने त्यांनाच का नाही पाठवलं? ज्यांना ते माहीत नव्हतं त्यांना आधी शिकवून मग पाठवायचं, हे उलटं नाही का? आम्हा तिघींपैकी कुणालाच याचं त्याला पटेल असं उत्तर देता आलं नाही. वैमानिक असणं, वजन, उंची, वय, सगळी कारणं आम्ही सांगितली. तो म्हणाला, मग शिक्षकाला कुणी विचारलं होतं का? ते आम्हाला माहीत नव्हतं. त्याने शेवटी त्या पानावर घुमटाखाली उभा एक माणूस काढला, वर तीन तारे, त्यांना नावं उलटी लिहिली आणि आग काढली नाही.

आता हे काम माणसं करत नाहीत. यानावर बसवलेले छोटे कॅमेरे आकाशाचा फोटो काढतात, आतल्या यादीशी ताडून पाहतात आणि क्षणात दिशा सांगतात. त्यांना स्टार सेन्सर म्हणतात. आपल्या इस्रोच्या यानांवर ते असतात, बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत बनतात. तेही बिघडतात बरं का. २००९ मध्ये चांद्रयान-१ चंद्राभोवती फिरत असताना त्याचे स्टार सेन्सर बंद पडले. त्या यानात बटण दाबायला कुणी नव्हतं. इस्रोच्या लोकांनी मग भोवऱ्यांची उपकरणं आणि इतर खुणा वापरून यान सांभाळलं, कक्षा १०० किलोमीटरवरून २०० वर नेली आणि ऑगस्टपर्यंत मोहीम चालवली.

मोअरहेडमधलं जुनं झाइस यंत्र १९६९ मध्ये बदललं आणि २०१० नंतर तिथे डिजिटल आकाश आलं. घुमट तोच, ६८ फुटांचा. डिजिटल आकाशात तुम्ही शनीच्या कड्यांमधून उडत जाता, मुलांना ते फार आवडतं. मला तारे थोडे मऊ, पुसट वाटले. मुंबई किंवा पुण्याच्या शहरी आकाशातून येणाऱ्याला मात्र एवढंही पुष्कळ आहे.

जायचं असेल तर रॅले-डरहॅम विमानतळ गाडीने साधारण अर्ध्या तासावर आहे. खेळांचे दिवस आणि वेळा बदलत असतात, त्या आधी बघून घ्या, विशेषतः लहान मुलं असतील तर, कारण प्रत्येक खेळ प्रत्येक वयासाठी नसतो. बास्केटबॉलचा सामना असेल त्या दिवशी गाडी लावायला जागा मिळेल ही आशा सोडा. बाहेरचं सूर्यघड्याळ फुकट आहे. इमारतीच्या मागे चालत गेलं की विद्यापीठाची जुनी विहीर, तिच्यावर पांढऱ्या खांबांची छत्री. वर्ग सुरू होण्याच्या पहिल्या दिवशी तिचं पाणी प्यायलं की परीक्षेत चांगले गुण मिळतात, असं इथली मुलं मानतात. मावशी प्यायली. कसली परीक्षा म्हणून विचारलं तर हसली.

अमेरिकेला जायची गरज नाही असंही एक आहे. अगस्त्य चॅपेल हिलमधून जेमतेम क्षितिजाला चिकटलेला असतो, इमारती आणि झाडांमागे दिसतच नाही. रेगोरचंही जवळपास तेच. आपल्याकडून मात्र दोन्ही नीट दिसतात, आणि दक्षिणेला जाल तसे आणखी वर येतात. २७ जानेवारीला, रात्री दहाच्या सुमारास, मुंबई, पुणे किंवा हैदराबादहून दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा, समोर झाडं नसतील अशी जागा बघा. डोक्याच्या जरा पुढे व्याध. त्याच्या बराच खाली, क्षितिजापासून थोडा वर, अगस्त्य. हात लांब करून अगस्त्यापासून डावीकडे एक वीत मोजा. तिथला ठळक तारा रेगोर. मग मागे वळा. वायव्येला शर्मिष्ठेची इंग्रजी डब्ल्यूसारखी आकृती उतरत असेल, तिच्या मधला तारा नवी. आणि ईशान्येला वर येणाऱ्या सप्तर्षींच्या पुढे, अस्वलाच्या पुढच्या पंजाशी, मंद असा डनोसेस. हा शहरातून दिसणं अवघड आहे. गावी असाल तर दिसेल.